दुकानापासून घरापर्यंत

१२ जून

तीर्थस्वरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी तब्येत बरी आहे असं धरूनच चालते, कारण विचारलं तरी तू खरं सांगणार नाहीस. फोन कानाला लावला की आत मधमाश्या गुणगुणतात म्हणतेस, म्हणून हे पत्र. पत्रात काम आहे, हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटी येऊन ‘आली बघा मूळ पदावर’ असं तू म्हणायला नको.

यंदा माझ्याकडे पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग आहे. आमच्या मोठ्या बाईंनी ठरवलंय की या मुलांना पैशांची ओळख करून द्यायची. निमित्त असं झालं, की एका मुलीने तिच्या वडिलांना सल्ला दिला: पैसे संपले असतील तर भिंतीतल्या मशीनला सांगा, ते कुणालाच नाही म्हणत नाही. मी पुठ्ठ्याची नाणी कापून नेली. पहिल्याच दिवशी फजिती. एकाने दोनच्या छोट्या नाण्यापेक्षा एकचं मोठं नाणं घेतलं, कारण ते मोठं होतं. दुसरीने सगळीच्या सगळी नाणी मला देऊन टाकली, का तर मी तिच्याकडे बघून हसले. तिसऱ्याने एक चावून पाहिलं.

म्हणून वाटलं, चित्रांची गोष्ट करावी. शब्द मी लिहीन, चित्रं तू काढ. आठ पुरेत. आई एका मुलीला पैसे देऊन दुकानात पाठवते. वाटेत खेळणीवाला भेटतो, तिला शिट्टी हवीशी वाटते, ती हातातली नाणी बघते, विचार करते, पुढे जाते. दुकानात वस्तू घेते, उरलेले पैसे मोजून घेते आणि घरी येते. एवढंच. पैसे एकदाच खर्च करता येतात, आणि उरलेले आपले असतात, हे कळलं की झालं.

खरं सांगू का, हा धडा मलाच जास्त हवा आहे. तुला आठवतं ना, वसतिगृहात राहायला गेले तेव्हा बसच्या वाहकाच्या हातात मोठी नोट ठेवून मी तशीच उतरले होते? उरलेले पैसे परत घ्यायचे असतात हेच ठाऊक नव्हतं. मैत्रिणी वर्षभर हसल्या. बाबांनी माझ्या हातावर कधी एक नाणं ठेवलं नाही. चिक्कू म्हणावं तर तेही नाही, एक पेन्सिल मागितली तर दोन यायच्या. पण वस्तू यायची, पैसे नाहीत. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात एकटीने जाणं म्हणजे तर पाप. असं का होतं, हे तुला माहीत असेल तर लिही.

लोभ आहे तो तसाच राहू दे, फक्त त्यातला थोडा ब्रशच्या टोकाला लाव.

तुझी,
पोपट


३ जुलै

चि. पोपटास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा न लावता, तेव्हा त्यात काम दिसलं नाही. आयुष्यभर पाठ्यपुस्तकांत बैल, पाऊस आणि आदर्श मुलं काढून हात शिणले, आता म्हातारपणी तू दुकान मांडायला लावतेस. पण खालचा छापखाना बंद झाल्यापासून खोली फार गप्प झाली आहे. पूर्वी जमीन हलायची आणि रेघ वाकडी जायची म्हणून मी बोटं मोडायचे. आता जमीन स्थिर आहे, तर हात हलतो.

पहिली तीन चित्रं सोबत पाठवते. मुलीला काय आणायला धाडायचं ते तू लिहिलं नव्हतंस. मी दोऱ्याचं रीळ धरलं. आई शिवणयंत्रावर बसली आहे आणि दोरा संपला आहे. लाल रीळ चित्रात उठून दिसतं.

तुझ्या बाबाचं विचारलंस. काही माणसं पैसे जपतात, काही पैशाला भितात. तो दोन्हींतला नाही, इतकंच आत्ता सांगते. मी चित्रं काढते आहे हे त्याला कळवायची घाई करू नकोस.

मास्तरीणबाईंनी आवाजाला जपावं. मुलांपेक्षा तूच जास्त बोलत असशील.

आशीर्वाद आहेतच, ते टपालखर्चात धरू नयेत.

आत्या


२४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चित्रं पोचली आणि माझा भाव वधारला. ही चित्रं माझ्या सख्ख्या आत्याने काढली, हे मी गरज नसताना तीनदा सांगितलं. खेळणीवाल्याच्या चित्रापाशी तर वर्गात तट पडले. निम्मी मुलं म्हणतात, शिट्टी घ्यावी आणि आईला सांगावं दोरा संपला. निम्मी म्हणतात, आईला सगळं कळतं. मोठा वाद झाला आणि मी न शिकवता मुलांना कळलं की एका नाण्यात दोन गोष्टी येत नाहीत.

आता एक गंमत सांगते. गंमतच म्हणायची. खिडकीजवळ एक मुलगी बसते, जाड भिंगांचा चष्मा आहे तिला, वर्ग तिला चष्मेबाई म्हणतो. ती प्रत्येक वस्तू नाकाला लावून पाहते. तिने विचारलं, हिच्याबरोबरची दुसरी मुलगी कोण? मी म्हटलं, एकच तर आहे. तिने चित्र उचलून खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं, आणि आत्या, खरंच होती. रंग नाही, रेघ नाही, नुसते पेन्सिलीचे दबलेले व्रण. मुलीच्या अर्धं पाऊल मागे, तिच्याहून बुटकी, एका टाचेवर गिरकी घेतलेली, फ्रॉकचा घेर उडालेला. मला वाटलं, तू जुना कागद वापरलास. म्हणून दुसरं चित्र तिरकं धरलं. मग तिसरं. तिन्हींत तीच. चेहराही तोच.

मुलांनी तिचं नाव पुसलेली मुलगी ठेवलंय. तिच्याजवळ पैसे आहेत का, तिला कुणी पाठवलं, असं विचारत असतात. मी ते हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी घरी जाताना मी दोनदा मागे वळून पाहिलं आणि मग स्वतःचाच राग आला.

बाकीची पाच लवकर धाड. वर्ग आणि मी, दोघांचेही डोळे टपालपेटीकडे लागले आहेत.

तुझी,
पोपट


५ ऑगस्ट

चि. पोपटास,
अ. उ. आ.

सोबत आणखी चार चित्रं. आठवं वाळायचं आहे. हवा दमट आहे.

तुझ्या चष्मेबाईची नजर तेज आहे. तिला सांग, म्हातारीचा हात थरथरतो, खोडाखोड होते, आणि हल्ली रबरं वाईट प्रतीची येतात.

फार लिहीत नाही. मनगट दुखतं.

माया कमी झाली असं समजू नकोस.

आत्या


२० ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला हे लिहू नये असं आत्याचं मत दिसतं, पण माझा नाइलाज झाला आहे.

वर्गासाठी मी आत्याकडून चित्रांची गोष्ट करून घेते आहे. मुलांना पैशांचा व्यवहार समजावा म्हणून. एक मुलगी दोरा आणायला दुकानात जाते, अशी. सात चित्रं आली. सातव्यात ती दुकानाबाहेर उभी आहे. एका हातात रीळ, दुसऱ्या मुठीत उरलेले पैसे, समोर रस्ता. रस्त्यावर कुणी नाही. एवढ्या सुंदर चित्रात एकही माणूस नाही, कुत्रं नाही, उघडी खिडकी नाही.  

आठवं चित्र येत नाही. आत्याला विचारलं तर ताकाला तूर लागू देत नाही. कधी हवा दमट, कधी मनगट. इकडे जाड चष्म्याची एक मुलगी, वर्ग तिला चष्मेबाई म्हणतो, ती या गोष्टीने पार बिथरली आहे. आम्ही वर्गात खेळायला दुकान मांडलंय, त्याच्याजवळ ती येत नाही. नाणं हातात दिलं तर हात पाठीमागे घेते. तिची आई दवाखान्यात परिचारिका आहे, ती काल कामावरून तशीच आली. म्हणाली, पोर जिन्यापर्यंतसुद्धा एकटी जाईना. सारखी विचारते, ती घरी पोचली का. मोठ्या बाई म्हणतात, बंद करा तुमची गोष्ट.

तुमची बहीण तुम्ही ओळखता. तिला काय झालंय ते सांगाल का? चित्रांत तिने एक लहान मुलगी काढून खोडली आहे. गिरकी घेणारी. ती कोण?

औषधं वेळेवर घ्या. लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
पोपट


२६ ऑगस्ट

चि. पोपटास,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं. मोठ्या बाईंचं ऐक. गोष्ट बंद कर. चित्रं आत्याला परत पाठव.

पैशांची ओळख माणसाला आपोआप होते. ती शिकवावी लागत नाही. लहान मुलांना तर अजिबात शिकवू नये.

प्रकृती ठीक. औषधं घेतो.

बाबा


३ सप्टेंबर

चि. पोपटास,
अ. उ. आ.

दादाचं पत्र मला आलं. किती वर्षांनी आलं, आणि आलं ते एका ओळीचं. तिला काढू नकोस, एवढंच. म्हणजे तू त्याला विचारलंस. बरं केलंस. आम्ही दोघं मूग गिळून बसलो होतो, त्यातच माझे केस पांढरे झाले.

आम्ही दोघं नव्हतो, तिघं होतो. माझ्या पाठची एक बहीण होती. ती सरळ कधी चालायचीच नाही, गिरक्या घेत घरभर फिरायची, म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. सहा वर्षांची होती. मी दहाची, दादा आमच्याहून मोठा.

आई लोकांचे कपडे शिवायची, ते तुला माहीत आहे. भिंगरीला दुकानाचं फार वेड. तिला नाणी ओळखायला दादाने शिकवलं. पाटीवर गोल काढायचा, प्रत्येकात आकडा, मग दुकान काढायचा, दुकानात बरण्या, आणि ही पाटीवरच्या वस्तू पाटीवरच्या पैशांनी विकत घ्यायची. चुकली की तो पुसायचा आणि पुन्हा काढायचा. तुझी ही चित्रांची गोष्ट, पोपट, ती तुझी नाही. आमच्या घरात ती आधीच होऊन गेली आहे. तुझ्या हातून तीच गोष्ट लिहून आली, तेव्हा मी चष्मा शोधून पत्र पुन्हा वाचलं.

ती चुकेनाशी झाली तेव्हा दादा आईला म्हणाला, आता हिला खरे पैसे दे. एका सकाळी दोरा संपला. दुकान आमच्याच रस्त्यावर, थोडं पुढे. आईने पैसे दिले. भिंगरी गेली. दुकानदाराने नंतर पोलिसांना सांगितलं की आली होती, लाल दोरा घेतला, उरलेले पैसे मोजले, बरोबर आहेत म्हणाली आणि बाहेर पडली.

त्यापुढे कुणालाच काही माहीत नाही. विहिरी झाल्या, नदी झाली, स्टेशनं झाली. तिचा एकच फोटो होता, तो पोलिसांनी नेला, परत आला नाही. आई पुढे बरीच वर्षं जगली. लोक भेटायला यायचे, धीर द्यायचे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, पण तिनं पैसे बरोबर मोजले होते. जणू त्याचं काहीतरी चीज व्हायला हवं होतं.

दादाने तेव्हापासून कुणाला काही शिकवलं नाही. तू झालीस, तेव्हा त्याने मला बजावलं की हिच्यासमोर तिचं नाव घ्यायचं नाही. मला त्याचा राग नाही.

तू म्हणशील, मी चित्रकार, मग तिचं चित्र का नाही काढलं? चेहरा येत नव्हता. कित्येकदा बसले. डोळे यायचे, मग ते माझेच निघायचे. आणि तुझ्या गोष्टीचं पहिलं चित्र काढायला घेतलं, तर हात आपोआप चालला. ती आली. तीच गिरकी. मी घाबरून खोडली, कारण गोष्ट तुझ्या मुलांची आहे, आमची नाही. दुसऱ्या चित्रात पुन्हा आली. प्रत्येक चित्रात येते आणि प्रत्येकात मी तिला पुसते. हे पुसणं सोपं नाही.

आठव्यात मुलगी घरी पोचते, असं तू लिहिलं आहेस. ते मला येत नाही. कागद समोर घेते, दार काढते, उंबऱ्याशी हात थांबतो. खोटं काढायला मला कधी अडचण आली नाही, सगळी आदर्श मुलं खोटीच होती. पण हे नाही येत.

तुझ्या चष्मेबाईने भिंगरीला पाहिलं आहे, म्हणून तिची मला काळजी लागली आहे. तिला काय सांगशील?

जपून राहा. आणि जमलं तर माझ्यावर रागावू नकोस.

आत्या


१८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावू कशी?  इतकी वर्षं मला वाटत होतं की आपल्या घरात शांतता आहे. ती शांतता नव्हती, कुणीतरी होतं तिथे.

आता ऐक. बाबा आलेत. न कळवता, एक पिशवी घेऊन थेट शाळेत आले. मुलं नुकतीच गेली होती. चित्रं कुठे आहेत, एवढंच विचारलं. मी फळ्यावर लावलेली दाखवली. त्यांनी एकेक काढून खिडकीशी नेलं. कसं धरायचं ते मी सांगितलं नव्हतं, तरी बरोबर तिरकं धरलं.  मग मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीत बसले, गुडघे छातीशी आले होते, आणि म्हणाले, “हनुवटी चुकली आहे.”

तेवढंच. पण तेव्हापासून रोज माझ्याबरोबर शाळेत येतात आणि मागे बसतात. मुलांना वाटतं, शाळेने नवे सर ठेवलेत आणि त्यांना काही येत नाही म्हणून ते मागे बसून शिकतायत. मोठ्या बाईंना मी काय सांगितलं ते विचारू नकोस. त्यांना गोष्ट बंद करायची होती, पण त्यांनी अजून काही दिवस दिलेत.

चष्मेबाईला मी खरं तेवढं सांगितलं, की आठवं चित्र काढणाऱ्या आजीला घर काढायला वेळ लागतो आहे. ती म्हणाली, मग तोवर ती कुठे थांबलीय? 

लोभ राहू दे. आता त्याची गरज जास्त आहे.

तुझी,
पोपट


२१ सप्टेंबर

चि. रंगारीण हिस,
अनेक आशीर्वाद.

बऱ्याच वर्षांनी तुला या नावाने हाक मारतो आहे. चित्रं पाहिली.

हनुवटी तू गोल काढली आहेस. गोल नव्हती, टोकाशी जरा चपटी होती. उजवा कान डाव्यापेक्षा बाहेर. आणि तुझी भिंगरी हसते. माझी हसत नाही. माझी मोजत असते. मोजताना तिचे ओठ हलायचे आणि आवाज यायचा नाही, आठवतं? मला ती तशीच दिसते. इतकी वर्षं रोज दिसते. तिला हसताना मी विसरून गेलो होतो.

तुला चेहरा आठवत नव्हता, तर मला का नाही विचारलंस? हा प्रश्न मी स्वतःलाच लिहितो आहे. मीच तोंड बंद केलं होतं.

मुलीच्या वर्गात बसतो. ती चांगलं शिकवते. घाई करत नाही. चुकलं तर पुसते आणि पुन्हा काढून दाखवते. हे तिला कुणी शिकवलं?

मनगटाला शेक घे.

दादा


२ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राप्रमाणे हनुवटी दुरुस्त केली, कान दुरुस्त केला. मग ती मला अनोळखी दिसायला लागली. पुन्हा माझी काढली. आता दोन चेहरे शेजारी शेजारी ठेवले आहेत, तुझा आणि माझा. दोघी बहिणींसारख्या दिसतात. भांडू नये हेच बरं. खरी कुठली ते सांगणारी तिसरी आईच होती.

तू पुढचं पत्र लिही. कानाचं, केसांचं, कशाचंही लिही. तिच्याविषयी लिहिणारं दुसरं कुणी राहिलं नाही.

तुझी,
रंगारीण


१४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आज घाईने लिहिते, कारण आजचं आजच सांगायला हवं.

वर्गात दुकान मांडायचा दिवस होता. दोन बाकं जोडून फडकं घातलं, वर साबणाची रिकामी खोकी, खोडरबरं, बटणं, रिळं. दुकानदार व्हायला कुणीतरी मोठं हवं होतं. मी बाबांकडे न बघता म्हटलं, कुणी येतं का. बाबा उठले.

पहिला मुलगा आला, बटण मागितलं, नाणं दिलं. बाबांनी उरलेले पैसे त्याच्या तळहातावर एकेक ठेवून मोजले. मुलगा मोठ्याने मोजत होता, बाबांचे नुसते ओठ हलत होते. मग मुलगा वळून निघाला आणि बाबा फडक्यामागून बाहेर आले. त्याचं बोट धरलं, बाकापर्यंत गेले, तो नीट बसल्यावर परत आले. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्यालाही. बाकं ती कितीशी लांब, पण प्रत्येकाला पोचवलं, कुणी बसल्याशिवाय वळले नाहीत. मी मध्ये म्हटलं, बाबा, ते जातील एकटे. ते म्हणाले, “जातील गं. पण माझं काय जातं?”

घंटा झाली तरी रांग संपली नव्हती. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आल्या तशा गेल्या. शेवटी चष्मेबाई उठली. नुसती येऊन उभी राहिली, हात मागे. बाबा थांबले. मग तिने हात पुढे केला. रीळ घेतलं. पैसे मोजताना एकदा चुकली, पुन्हा मोजले, बरोबर आले. बाबांनी तिला बाकाशी नेलं. तिथे ते जरा जास्त वेळ थांबले. मी फळा पुसायला वळले.

घरी आल्यावर जेवले आणि झोपले. मी दार लावायला गेले तर म्हणाले, कडी नको लावूस, नुसतं लोटून ठेव. मी तसंच ठेवलं. रात्रभर ते दार वाऱ्याने बारीक वाजत होतं आणि आम्ही दोघंही जागे होतो.

तुझी,
पोपट


२३ ऑक्टोबर

चि. पोपटास,
अ. उ. आ.

सोबत आठवं चित्र. तुझं पत्र वाचलं आणि संध्याकाळी बसले ते सकाळी उठले.

दुकान फळ्या लावून बंद केलेलं आहे. दुकानदार मुलीचं बोट धरून रस्त्याने चालला आहे. दोघं पाठमोरे आहेत. घर काढलेलं नाही. ते मला येत नाही, आणि आता त्याची लाज वाटत नाही. मुलांनी विचारलं तर सांग, वळणापुढे आहे.

यात ती आली नाही. मी वाट पाहिली. हात मोकळा सोडला, पेन्सिल हलकी धरली. नाही आली. आनंद व्हायला हवा की काय, कळत नाही. खोली फार मोठी वाटते आहे.

दादाला चित्र आधी दाखव, मग मुलांना.

जीव लावून राहा, दोघंही.

आत्या


९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चित्र बाबांना आधी दाखवलं. त्यांनी दुकानदाराच्या चालण्याकडे बोट दाखवून विचारलं, हा मी का? मी म्हटलं, आत्याला विचारा. त्यांनी मान हलवली. चित्र वर्गात लावलं. घराचं कुणी विचारलंच नाही. दुकानदार तिच्या सोबत आहे म्हटल्यावर मुलांची काळजी मिटली. लगेच सगळी शिट्टीवर आली, की आता उरलेल्या पैशांत ती शिट्टी घेऊ शकते का. हिशेब केला. नाही घेऊ शकत. फार हळहळली.

पण एक घोटाळा झाला आहे. चष्मेबाईची आई शाळेत आली होती, हसत होती आणि तक्रारही करत होती. पोर पहिल्यांदाच आपणहून म्हणाली, मी साबण आणते. आईने पैसे दिले आणि वरून खिडकीतून बघत उभी राहिली. पोरीने साबण घेतला, उरलेले पैसे मोजले, आणि दुकानातच उभी राहिली. हलेना. दुकानदाराने विचारलं, आणखी काय हवं. म्हणाली, काही नको, चला. तो गोंधळला. तेव्हा तिने त्याला समजावून सांगितलं, की सामान दिल्यावर मुलांना घरी पोचवायचं असतं, दुकानदाराचं ते कामच आहे, आमच्या वर्गात असंच आहे. गिऱ्हाइकं हसायला लागली. दुकानदाराने रांगेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, हात पुसले आणि दुकान उघडं टाकून तिला जिन्यापर्यंत सोडून आला.

आई म्हणाली, बाई, पैशांचं चांगलं शिकवलंत, पण हे भलतंच काय शिकवलंत? बरोबर आहे तिचं. वर्गात एकदा नीट सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.

हे मी बाबांना सांगितलं. ते ऐकता ऐकताच जोडे घालायला लागले. दुकान कुठलं ते विचारून घेतलं आणि गेले. मी थोड्या अंतराने मागे गेले, मला राहवलं नाही. बाबा गिऱ्हाइकांच्या मागे उभे राहिले. पाळी आल्यावर काही मागितलं नाही. दुकानदाराचा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, सोडला आणि निघाले. मी पुढे झाले तर दुकानदार मला विचारायला लागला, ते गृहस्थ जरा असे आहेत का? मी म्हटलं, माझे वडील आहेत.

परत येताना त्यांना हाक मारली नाही. रस्ता तसा रिकामाच होता, पण बाबा सबंध वाट गाड्यांच्या बाजूने चालले, आतली बाजू मोकळी ठेवून. पावलं लहान टाकत होते. मध्येच थांबायचे, कुणाची तरी वाट पाहावी तसे, आणि मग पुन्हा निघायचे. घराशी पोचायला आम्हाला फार वेळ लागला.

सुट्टीत तू ये. न्यायला आम्ही दोघं येऊ. माया आहे तशी असू दे, यापेक्षा जास्त मागत नाही.

तुझी,
पोपट